‘नाही’ म्हणायचं कुणी? पुण्याच्या काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

आपल्या मंडळाच्या खानापुरातल्या हॉलच्या नियमांबद्दल मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया मंडळातल्या सगळ्यांनी वाचली. दोघं म्हणाले, उत्तर देत बसू नका. एकीनं सांगितलं, चांगलं खडसावून काढा. मला दोन्ही पटलं नाही. तुमचं लहानपण बेळगाव जिल्ह्यातल्या या खानापुरात गेलंय, हा हॉल बांधताना तुमच्या वडिलांनी वर्गणी दिली होती. विचारायचा हक्क तुम्हाला आहेच की.

बाकीच्या वाचकांसाठी काकांचं म्हणणं थोडक्यात सांगते. मराठी माणसांच्या पैशांतून उभ्या राहिलेल्या हॉलमध्ये तुम्ही कन्नडची शिकवणी चालवता. गोरगरिबांकडूनही डिपॉझिट घेता, म्हणजे समाजसेवेच्या नावाखाली धंदा. कधीही यावं तर दाराला कुलूप. कारभारी वर्षानुवर्षं तेच. जमत नसेल तर पगारी माणूस ठेवा, वर्षभराचा पगार मी देतो, फक्त हॉलला आईचं नाव द्या. आणि शेवटी एक टोमणा: “कडोली, उचगावची माणसं अख्खं साहित्य संमेलन उभं करतात, तुम्हाला एक हॉल उघडा ठेवता येत नाही?”

टोमण्यापासून सुरुवात करते, कारण तुमच्या अख्ख्या पत्रात मला तोच जास्त आवडला. बेळगावजवळच्या कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमनी इथली संमेलनं मी पाहिली आहेत. ग्रंथदिंडी, लेझीम, मांडवातली गर्दी, शेकडो माणसांचं जेवण, आणि हे सगळं गावकऱ्यांच्या वर्गणीवर आणि अंगमेहनतीवर. अभिमान वाटतो. खरं, तो एका दिवसाचा सोहळा असतो, तारीख आधीच ठरलेली असते आणि राबणाऱ्याला गावासमोर शाबासकी मिळते. हॉलचं काम जुलैतल्या एखाद्या मंगळवारी असतं. मलप्रभेला पाणी चढलेलं, लाईट गेलेली, अर्धं गाव रोप लावणीला शेतात, आणि अभ्यासाला येणाऱ्या चार पोरांसाठी कुणीतरी जाऊन दार उघडायचं, दोन-तीन तास बसायचं, पुन्हा खिडक्या लावून कुलूप घालायचं. ते बघायला कुणी येत नाही. आमच्यातले काही रोज बेळगावला जाऊन-येऊन नोकरी करतात, काही पोरं गोव्याला असतात आणि गणपतीलाच उगवतात, सुगी आली की उरलेलेही गायब. म्हणून संध्याकाळी 5 ते 8 एवढीच उघडण्याची वेळ आहे. बाकी वेळी आधी नोंद असेल तरच. बाहेर फळ्यावर हे लिहिलेलं आहे. तुम्ही दुपारी दोनला आला होता.

आता डिपॉझिट. इथं जरा सविस्तर लिहिते, कारण आमचे सगळेच नियम याच एका कारणातून आलेत.

पूर्वी डिपॉझिट नव्हतं. कार्यक्रम झाला की ज्यानं हॉल घेतला त्यानं झाडून द्यायचा, भांडी मोजून परत करायची, असा तोंडी रिवाज होता. बहुतेक लोक तो पाळायचे. जे पाळायचे नाहीत त्यांच्या पत्रावळ्या दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात कुत्री ओढत असायची आणि पातेल्यांची झाकणं कायमची हरवायची. त्या लोकांना कोण सांगणार? आपलं गाव केवढं! ज्याच्या बारशाची घाण पडलीय तो सेक्रेटरीच्या मेव्हण्याचा साडू असतो. त्याला एक शब्द बोललं की पुढच्या लग्नात दोन घरांचं येणं-जाणं बंद. मग सेक्रेटरी काय करायचा? मुकाट्यानं स्वतःच झाडू घ्यायचा. असं करून करून चांगली माणसं दमली आणि हळूच बाजूला झाली. कामानं दमली असती तर मला वाईट वाटलं नसतं. ती दमली आपल्याच माणसांना ‘नाही’ म्हणता येत नाही म्हणून.

डिपॉझिट आल्यापासून कुणालाच काही बोलावं लागत नाही. भाडं दीड हजार, डिपॉझिट हजार, सगळ्यांना सारखं. झाडून, भांडी मोजून दिली की दुसऱ्या दिवशी हजार परत. नाही दिली तर त्या हजारातून माणूस लावून साफ करून घेतो आणि उरलेले परत करतो. अध्यक्षांच्या घरचं कार्य असलं तरी त्यांनी हजार भरायचे. ते भरतातही, आणि मुद्दाम सगळ्यांसमोर भरतात.

तुम्ही म्हणता, गरिबाला सूट द्या. कुणी द्यायची? ज्यानं सूट द्यायची त्यानंच पुढच्याला नाकारायची, म्हणजे आम्ही पुन्हा होतो तिथंच. रेशन कार्ड बघून द्यावी म्हटलं तर ते कार्ड कुणाकुणाकडे आहे हे मी तुम्हाला सांगायला नको. (आजवर सूट मागायला आलेले बरेचसे चारचाकीतून उतरलेत, हे जाता जाता.) ज्यांची खरंच अडचण असते त्यांच्यासाठी वेगळी वाट आहे. गल्लीतल्या स्त्रीशक्ती संघातली, म्हणजे बायकांच्या बचत गटातली, एखादी बाई जामीन राहते, वहीत सही करते, आणि डिपॉझिट भरलेलं धरतो. संघातल्या बायकांना कोण अडचणीत आहे ते आमच्यापेक्षा चांगलं कळतं, आणि हॉल झाडून घेण्याच्या बाबतीत त्या कुणाच्या बापाला ऐकत नाहीत.

बाकीचे नियमही असेच. रात्री 10 ला स्पीकर बंद. 2000 सालापासून ध्वनिप्रदूषणाचे केंद्राचे नियमच आहेत, रात्री 10 ते सकाळी 6 भोंगा नाही. या एका नियमासाठी मी सरकारची ऋणी आहे, कारण नवरदेवाच्या मित्रांशी वाद घालायची वेळ येत नाही, कायद्याकडे बोट दाखवलं की काम होतं. बुकिंग एका बांधीव डायरीत, पेननं, जो आधी येईल त्याचं. फोनवर बुकिंग नाही. राजकीय सभेला हॉल कुणालाच नाही, पक्ष असो की सीमाभाग महाराष्ट्रात जावा म्हणून लढणारी महाराष्ट्र एकीकरण समिती. 1 नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, सीमाभागातली मराठी माणसं पाळतात त्या काळ्या दिनाला आमच्यातले कितीतरी जण बेळगावला फेरीत जातात, 17 जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन करायलाही जातात. ते त्यांचं ते जाणं. हॉलची चावी त्या कामाला निघत नाही. एका गटाला दिली की दुसऱ्या गटाला का नाही, हे आमच्यापैकी कुणालातरी उंबऱ्यावर उभं राहून सांगावं लागेल, आणि समितीत गट किती हे तुम्ही पुण्यात बसूनही वाचत असालच.

कन्नड शिकवणीही याच डायरीतून आली. आमच्याच गल्लीतल्या एक निवृत्त शिक्षिका आहेत, सगळे त्यांना अक्का म्हणतात, घरची भाषा कन्नड. आठवड्यातून दोन संध्याकाळी मागची खोली रिकामी होती, त्यांनी रीतसर नोंद केली. फुकट शिकवतात. शिकवणी, वाचन, अभ्यास याला भाडं घ्यायचं नाही हा नियम जुनाच आहे, तो मराठीला एक आणि कन्नडला एक असा नाही. येणारी पोरं बहुतेक मराठी शाळांतली आहेत. कर्नाटकच्या 2015 च्या कायद्यानं शाळेत कन्नड शिकणं सक्तीचं झालंय, आणि त्या पेपरात आपली पोरं मार खातात. पुढं राज्य सरकारच्या नोकरीला कन्नड लागतेच. जमिनीचा उतारा कन्नडात, हेस्कॉमचं विजेचं बिल कन्नडात, पट्टण पंचायतीची नोटीस कन्नडात. जिथं भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांच्या वर आहेत तिथं सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही मिळाव्यात ही मागणी रास्त आहे, तिच्या निवेदनांवर माझ्याही सह्या आहेत. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगानं बेळगाव कर्नाटकात ठेवलं, पण खानापूर, नंदगड, निपाणी महाराष्ट्राला द्यावीत असं 1967 च्या अहवालात म्हटलं होतं, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही पाठ आहे. 2004 पासून सीमाभागावरचा महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. त्याचा निकाल लागेपर्यंत इथल्या पोरानं बापाच्या जमिनीचा कागद कुणाकडून वाचून घ्यायचा, काका?

तुम्ही लिहिलंय की अशानं हॉलमध्ये मराठीला जागा उरणार नाही. आठवड्याच्या बाकी सगळ्या संध्याकाळी जागा मराठीलाच आहे. मराठी वर्तमानपत्रं येतात, कपाटं मराठी पुस्तकांनी भरलेली आहेत, पावसाळ्यात त्यांना बुरशी लागू नये म्हणून आम्ही कडुलिंबाचा पाला घालतो. वाचायला कोण येतं? तीन-चार म्हातारी माणसं आणि परीक्षेची तयारी करणारी पोरं, जी स्वतःचीच गाईड घेऊन येतात. अक्कांचा वर्ग उद्या बंद केला म्हणून त्या कपाटांपाशी एकही पोर जादा येणार नाही. उलट शिकवणीला लवकर आलेली पोरं तेवढ्या वेळात चांदोबाचे जुने अंक चाळताना मी बघते. हॉलच्या पाटीवर कन्नड वर आणि मोठं का, हेही तुम्ही विचारलंय. 60 टक्के कन्नड आणि तेही वरच्या भागात, असा 2024 मध्ये दुरुस्त झालेला कायदा आहे. दंड भरायला आमच्याकडे पैसे नाहीत.

पगारी माणसाची तुमची सूचना मनापासून आहे हे कळतं, तरी मला ती नको वाटते. पैसा हे त्याचं कारण नाही. एवढ्या पगारात जो येईल तो गरीबच असणार. आम्ही जे ‘नाही’ नियमांवर ढकललंय ते सगळं त्याच्या डोक्यावर बसणार. रात्री साडेदहाला स्पीकर बंद करायला सांगितला म्हणून त्याला चार शिव्या बसतील, डिपॉझिट अडवलं म्हणून कुणीतरी त्याच्या घरापर्यंत जाईल, आणि तो दोन महिन्यांत सगळ्यांना सगळं द्यायला लागेल. त्याचा दोष नसेल. दुसरं म्हणजे आज सभा संपली की बायका आपणहून जमखाना गुंडाळतात. पगारी माणूस दारात उभा दिसला की तो जमखाना तिथंच पसरलेला राहील, ‘त्याला पगार आहे की’ म्हणून. आणि वर्षभरानंतर तुमचे पैसे संपले तर? तोवर आपणहून येणारी माणसं घरी बसलेली असतील.

तीच तोंडं, हा मुद्दा मात्र मला बोचला, कारण तो बरोबर आहे. संस्था 1960 च्या कर्नाटक संस्था नोंदणी कायद्याखाली आहे. नोंदणीला किमान सात सभासद लागतात, आणि खरं सांगायचं तर कामाचे तेवढेच उरलेत. दरवर्षी सर्वसाधारण सभा होते, तिच्यानंतर 14 दिवसांत कार्यकारिणीची यादी आणि तपासलेले हिशेब बेळगावला निबंधकांकडे द्यावे लागतात. सभेची नोटीस फळ्यावर लागते. लोक चहापर्यंत थांबतात. निवडणूक घ्यायला एका जागेला दोन उमेदवार लागतात, आमच्याकडे एक मिळवतानाच घाम फुटतो. एकानं एकाच पदावर दोन मुदतींपेक्षा जास्त राहायचं नाही असं आम्ही घटनेत घातलं, तर झालं काय, तोंडं तीच राहिली आणि खुर्च्या फिरल्या. यंदा खजिनदार मी आहे, मागच्या खेपेला सेक्रेटरी होते. तरुणांना पद नको असतं, कारण पद म्हणजे बँकेत सही, ऑडिटरकडे हेलपाटे आणि कुणी तक्रार केली तर पहिलं नाव आपलं. एकेक काम सुटं करून दिलं तर मात्र ती येतात. डायरीचं काम सध्या एक कॉलेजची मुलगी बघते आणि ती सेक्रेटरींपेक्षा कडक आहे. पुढच्या सभेत तिला घ्यायचा विचार आहे, तिनं हो म्हटलं तर.

हिशेबाची प्रत हॉलच्या भिंतीवर लावलेली असते. तुम्हाला हवी असेल तर पाठवते.

राहिली तुमची देणगी आणि आईंचं नाव. हॉलला, खोलीला, पंख्याला कुणाचंच नाव द्यायचं नाही असा ठराव आहे, आणि तो तुमच्या आधी दोन मोठ्या देणगीदारांना लावलेला आहे. त्यातल्या एकांनी देणगी परत नेली. तुमच्यासाठी तो मोडता येणार नाही. पण पैसे द्यायची इच्छा कायम असेल तर पगाराऐवजी छपरासाठी द्या. खानापूरची माती कौलांसाठी नावाजलेली, आणि आपलाच हॉल दर पावसाळ्यात गळतो, कारण जुन्या कौलांच्या मापाची नवी मिळत नाहीत. मागच्या खोलीवरची सगळी उतरवून नवी घालायची आहेत, वासेही दोन-तीन बदलावे लागतील. शाकारणी मे महिन्यात होते, तेव्हा पैसे एप्रिलपर्यंत आले तर बरं. चेकनं किंवा बँकेतून पाठवा. दोन हजारांवर रोख दिली तर देणगीवरची करसवलत मिळत नाही, आणि तुम्ही करासाठी जुनी पद्धत घेत असाल तरच ती उपयोगाची. पॅन तुमचा असल्यामुळे पावती तुमच्याच नावानं फाटेल. आईंच्या स्मरणार्थ दिले आहेत हे मी वार्षिक अहवालात लिहीन, तेवढं ठरावात बसतं.