भुताचे पिक्चर बघणारे म्हणे आतून क्रूर असतात

गेला आठवडाभर एक मेसेज फिरतोय, मला चार ग्रुपवर आला आणि पाचव्यांदा काकूने वेगळा पाठवला, वर "तुझ्यासाठीच आहे गं" असं लिहून, कारण आमच्यात भुताखेताचे आणि खुनाखुनीचे पिक्चर आवडीने बघणारी मी एकटीच. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: माणसाला मुळातच रक्त बघायची हौस असते आणि पिक्चरवाले ती भागवतात, ज्यांना असले पिक्चर आवडतात त्यांच्यात दयामाया कमी असते, साठलेला राग त्यातून बाहेर पडतो म्हणून त्यांना बरं वाटतं, भीतीची नशा असते आणि डोस वाढवत न्यावा लागतो, आणि शेवटी हे लोक स्वतःच हिंसक होतात, तेव्हा लहान मुलांना दाखवू नका. खाली "मानसशास्त्राने सिद्ध झालंय" आणि तीन जोडलेले हात.

काकूला तोंडी सांगायला गेले तर दुसऱ्या वाक्याला ती विषय बदलेल, म्हणून इथे लिहितेय.

आधी एक गंमत बघा. राग बाहेर पडून माणूस मोकळा होतो, आणि तोच माणूस पुढे हिंसक होतो. अरे मग मोकळा झाला ते काय झालं? दोन्ही गोष्टी एकाच मेसेजमध्ये, आणि पुढे ढकलणाऱ्या एकालाही खटकलं नाही.

"माणसाला रक्त बघायची हौस असते."

हे वाक्य इतकं सहज पटतं की कोणी तपासायलाच जात नाही. पण तपासलं गेलंय. १९९४ साली जोनाथन हाइट, क्लार्क मॅकॉली आणि पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या पोरांना तीन खरी चित्रणं दाखवली, म्हणजे अभिनय नाही, खरोखर घडलेलं. एकात कत्तलखाना, एकात जिवंत माकडाच्या डोक्यावर घाव, एकात लहान मुलाच्या चेहऱ्यावरची शस्त्रक्रिया. सांगून ठेवलं होतं की नको वाटलं की बंद करा. जवळपास ९० टक्के पोरांनी शेवटपर्यंत जायच्या आधीच बंद केलं. आणि याच वयाची पोरं तिकीट काढून कापाकापीचे पिक्चर बघतात, ज्यात याच्या दसपट रक्त सांडतं. हौस रक्ताचीच असती तर खरं रक्त फुकट मिळत असताना कोण उठून गेलं असतं?

बरं, खोट्या रक्ताचं तरी काय? २००५ मध्ये ग्लेन स्पार्क्स आणि सहकाऱ्यांनी एका गाजलेल्या थ्रिलरमधले हिंसक प्रसंग कापून एक कॉपी तयार केली, काहींना अख्खा पिक्चर दाखवला, काहींना कापलेला. मजा तेवढीच आली. २००९ मध्ये अँड्र्यू वीव्हर आणि बार्बरा विल्सन यांनी टीव्ही मालिकांवर असाच प्रयोग केला तर लोकांना हिंसा काढलेली आवृत्तीच जास्त आवडली! आता इथे प्रामाणिकपणे एक सांगायला पाहिजे, हिंसा आहे असं वर्णनात वाचलं की लोक तो कार्यक्रम निवडतात जास्त, हेही वीव्हरच्याच पुढच्या कामात दिसलंय. म्हणजे पोस्टरवरचा चाकू गिऱ्हाईक आत आणतो. पण आत आलेल्या माणसाला मजा त्या चाकूची येते असं काही दिसत नाही, आणि मेसेजवाल्याने नेमकी इथेच गल्लत केलीये.

मग मजा कशाची? हा प्रश्न आपल्याकडे नवा आहे असं समजू नका. नाट्यशास्त्रात आठ रस सांगितलेत, त्यात भयानकही आहे आणि बीभत्सही, अगदी शृंगाराच्या पंगतीला. आणि त्याच नाट्यशास्त्रात असंही म्हटलंय की युद्ध, मरण, नगराला पडलेला वेढा या गोष्टी अंकात थेट दाखवू नका, प्रवेशकातून, म्हणजे दोन अंकांमधल्या छोट्या प्रवेशातल्या बोलण्यातून, कळवा. म्हणजे भीतीचा रस हवा, पण मढं स्टेजवर नको, आणि दोन्हीत त्यांना काही विसंगती वाटली नाही. नाट्यशास्त्रावर भाष्य लिहिणाऱ्या अभिनवगुप्ताने भयानक रसाचं उदाहरण दिलं ते कुठलं, तर शाकुंतलात राजाच्या रथापुढे मान वळवून मागे बघत जीव घेऊन पळणारं हरीण. तो म्हणतो ती भीती बघताना हरणाचीही राहत नाही आणि माझी स्वतःचीही राहत नाही, कोणाच्या नावावर नसलेली नुसती भीती उरते, आणि म्हणून तिची चव घेता येते. मला हे कॉलेजात पाठ करायला लावलं तेव्हा काडीचं कळलं नव्हतं, कळलं ते एका रात्री उशी तोंडावर धरून पिक्चर बघताना.

न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनात यालाच "सविकल्प समाधी" म्हटलं. वाचणारा दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो पण स्वतःची जागा सोडत नाही, दोन्हीकडे एकाच वेळी असतो आणि त्या दोन्हीकडे असण्यातच आनंद आहे. शंभर वर्षं झाली, पण हॉरर पिक्चर बघताना डोक्यात काय चालतं ते याहून नीट कोणी सांगितलेलं मला तरी माहीत नाही. जिन्यावरून कोणीतरी उतरतंय, माझे पाय गार पडलेत, आणि त्याच क्षणी मला हेही माहितीये की हा मेकअप आहे आणि रिमोट माझ्या हातात आहे. यातली पहिली गोष्ट काढली तर कंटाळा येतो. दुसरी काढली तर ती माकडाची फिल्म होते. रोझिनने २०१३ मध्ये अशा सगळ्या आवडींची एक यादीच केली, रडवणारी गाणी, तिखट खाणं, पोटात गोळा आणणारे पाळणे, शरीर ओरडतंय पळ म्हणून आणि मन म्हणतंय काही होत नाही रे. तिखट खाणाऱ्याला कोणी विकृत म्हणत नाही.

"दयामाया कमी असते."

या मुद्द्याला मात्र थोडा आधार आहे, लपवत नाही. २००५ मध्ये सिंथिया हॉफनर आणि केनेथ लिव्हाइन यांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा कमी सहानुभूती आणि जास्त आवड असा संबंध दिसला होता. पण संबंध म्हणजे काय ते बघा. ज्याला दुसऱ्याचे हाल जास्तच सहन होत नाहीत तो असल्या पिक्चरपासून लांब राहणार, साहजिक आहे, माझी आईच बघत नाही. त्यावरून जे बसून राहिले ते निर्दयी असं कसं निघतं? आणि २०२४ मध्ये कोल्टन स्क्रिव्हनरने थेट हाच प्रश्न घेतला तर हॉररची आवड आणि कमी सहानुभूती किंवा कमी करुणा यांचा संबंधच सापडला नाही. साधा विचार केला तरी पटेल. त्या पोरीने तळघराचं दार उघडू नये असं मला वाटतं म्हणून तर मी ओरडते. तिचं काय होईल याची पर्वाच नसेल तर भीती वाटणार कोणासाठी?

"राग बाहेर पडतो."

हे सगळ्यात जुनं आणि सगळ्यात लाडकं. ॲरिस्टॉटलचं नाव घेतात, पण तो बोलला ते करुणा आणि भीतीबद्दल, शोकांतिकेबद्दल, प्रेशर कुकरच्या शिट्टीबद्दल नाही. २००२ मध्ये ब्रॅड बुशमनने ६०० विद्यार्थ्यांना आधी चिडवलं, मग काहींना चिडवणाऱ्याचा विचार करत पंचिंग बॅग बडवायला दिली, काहींना काहीच न करता बसवलं. बॅग बडवणारे जास्त चिडलेले निघाले, नुसते बसलेले शांत. संपलं.

"नशा असते, डोस वाढवावा लागतो."

हा मुद्दा मला खरं तर आवडतो कारण त्याचं उत्तर एका भूतघरात मिळालंय. डेन्मार्कमध्ये वाइले नावाच्या गावाजवळ एका जुन्या कारखान्यात थरारघर चालतं, तिथे संशोधकांनी ११० लोकांना हृदयाचे ठोके मोजायची यंत्रं लावून आत सोडलं (२०२० साली छापून आलं हे). डोस वाढवला की मजा वाढते हे खरं असतं तर सगळ्यात जास्त घाबरलेला सगळ्यात खूश निघायला हवा होता. तसं झालं नाही, मजा भीतीबरोबर एका ठिकाणापर्यंत वाढली आणि मग उतरली. मधला एक पट्टा आहे, तिथे मजा. त्याच ठिकाणी आधी, २०१९ मध्ये, मथियास क्लासेन आणि मंडळींनी दोन गट बघितले, एकाने भीती जेवढी वाढवता येईल तेवढी वाढवायची, दुसऱ्याने जेवढी दाबता येईल तेवढी दाबायची. दोन्ही गट सारखेच समाधानी बाहेर आले. म्हणजे आपण काय करतो आत? डोळे मिटतो, शेजारच्याचा दंड धरतो, फालतू जोक मारतो, "खोटंय, खोटंय" म्हणतो, किंवा उलट मुद्दाम टक लावून बघतो. डोस कमीजास्त करणारा नळ प्रेक्षकाच्याच हातात असतो. नशेत असं असतं का?

शेजारच्याचा विषय निघालाच आहे तर, १९८६ मध्ये डॉल्फ झिलमन आणि मंडळींनी दाखवलं होतं की शेजारची मुलगी घाबरलेली असली की मुलांना पिक्चर जास्त आवडला, आणि शेजारचा मुलगा न घाबरणारा असला की मुलींना. चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, आज तसंच निघेल असं मला अजिबात वाटत नाही, पण बरोबर कोण बसलंय याने फरक पडतो हे तर मेसेजवाल्याच्या गावीही नाही.

"शेवटी हिंसक होतात."

गॉर्डन डाल आणि स्टेफानो डेलाव्हिन्या या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतली १९९५ ते २००४ ची आकडेवारी तपासली. ज्या दिवशी हिंसक पिक्चरला गर्दी जास्त, त्या दिवशी मारहाणीचे गुन्हे कमी. कारण एकदम रुक्ष आहे, ज्या तरुणांनी त्या संध्याकाळी दारू पिऊन कुठेतरी राडा केला असता ते अंधारात खुर्चीवर बसलेले होते, आणि बाहेर आल्यावरही प्यायलेले नव्हते. हा हिशोब फक्त त्या दिवसाचा आणि लगेच नंतरचा आहे, वर्षानुवर्षांचा नाही, त्यामुळे यावरून पिक्चर बघून माणूस सुधारतो असा मेसेज कृपया कोणी सुरू करू नका.

राहिलं मेसेजमधलं शेवटचं वाक्य, "लहान मुलांना दाखवू नका". काकू, हे एकदम मान्य. फक्त कारण वेगळं. मुलं गुन्हेगार होतील म्हणून नव्हे. क्रिस्टन हॅरिसन आणि जोअन कँटर यांनी १९९९ मध्ये कॉलेजच्या मुलांना विचारलं तेव्हा ९० टक्के मुलांनी लहानपणी बघितलेल्या कशाची ना कशाची भीती बसल्याचं सांगितलं, आणि साधारण २६ टक्के मुलांना त्याचा त्रास तेव्हाही होत होता. अगदी लहान मूल दिसण्याला घाबरतं, चेहरा भयंकर असला की झालं, आणि "अरे तो मेकअप आहे" हे कितीही वेळा सांगितलं तरी उपयोग होत नाही. ते केळकरांचं दोन्हीकडे असणं त्याला अजून जमत नाही, ते एकाच बाजूला असतं, जिन्याखाली, आणि रिमोट मोठ्या माणसाच्या हातात.