भात कधी लावूचो?

चुलतभाऊ चतुर्थीला न्यूयॉर्कहून येणार असं ठरलं आणि काकीने मला एकच काम दिलं. "तो किती तासान पोचतलो तां सांग. मगे भात कधी लावूचो तां मी बघतंय."

काम सोपं होतं. मुंबई-न्यूयॉर्क अंतर साडेबारा हजार किलोमीटर, विमानाचा वेग ताशी नऊशेच्या आसपास. असली गणितं सोडवूनच आम्ही पास झालो. (काठावर, पण झालो.)

घोळ असा, की काकीकडे स्वतःची नोंद होती. कॅलेंडरच्या मागे तिने लिहून ठेवलं होतं : मागच्या खेपेला तो रात्री 1 वाजता मुंबईहून उडाला आणि सकाळी 7 ला तिकडे उतरला. तारीखही तीच. आणि आता येताना? दुपारी 12 ला निघून दुसऱ्या दिवशी साडेअकराला मुंबई.

"जाताना सा तास, येताना साडेतेवीस? येताना चढ लागता काय रे?"

मी सांगितलं, न्यूयॉर्कचं घड्याळ सध्या आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं.

"इतक्या मागे? मगे दुरुस्त करून घेणत नाय ते?"

पृथ्वी, सूर्य, रेखांश असं सगळं झाल्यावर हिशेब उलटाच निघाला. जाताना खरे साडेपंधरा तास आणि येताना चौदाच! म्हणजे लांबचा वाटणारा प्रवासच लवकर आटपणारा. वर दहा-अकरा किलोमीटरांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो. येताना तो पाठीशी, जाताना तोंडावर. हे मात्र काकीला पटकन पटलं. तिचं माहेर तांडेलाचं, म्हणजे होडी हाकणाऱ्याचं.

"मगे पयलाच वारो म्हणान सांगूचा ना! घड्याळा कसली दाखवतंस?"

इथे थांबायला हवं होतं. पण मला चेव चढला. विमान सरळ पश्चिमेला जात नाही, हे दाखवायला मी देवघराजवळचा सोललेला नारळ उचलला, एका बाजूला मुंबईची खूण केली, जवळजवळ पलीकडच्या बाजूला न्यूयॉर्कची, आणि दोन्हींमध्ये सुतळी ताणली. सुतळी आडवी राहीचना, घसरून शेंडीकडेच जाई. "बघ, जवळची वाट वरून, ग्रीनलंडच्या अंगाने जाते."

काकीने नारळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सुतळी झाडूवरची काढलंस?"

ठरल्या दिवशी विमान वेळेवर उतरलं. भाऊ एक वाजता गाडीत बसला. घर जेमतेम पाचशे किलोमीटर, म्हणजे साडेबारा हजारांपुढे किरकोळच. काकीने तांदूळ निवडायला घेतले.

साडेपाचला मेसेज आला : माणगाव.

साडेसातला आला : माणगाव.

नवाला फोटो आला. पुढच्या टेम्पोच्या मागे लिहिलेलं 'पुन्हा भेटू'. त्याखाली भावाची ओळ : हा टेम्पो चार तास माझ्यापुढे आहे, पुन्हा कशाला भेटायचं?

"आता किती तास?" काकीने विचारलं.

वारा कुठून आहे, घड्याळ कुणाचं मागे आहे, यातलं काहीच इथे कामाचं नव्हतं. सवयीने नारळ शोधायला गेलो, तर त्याचं वाटप होऊन गेलं होतं.

"खुळ्या, तू जेवून घे," काकी म्हणाली. "तो सकाळच्या घावन्यांक येतलो."