काकूची पऱ्हाटी: एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार. एआयला वऱ्हाडीही कळायला हवी, या माझ्या लेखावर एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, आभारी आहे. तुमचं म्हणणं असं की, एआयला मराठी येते हेच पुष्कळ झालं. दर बारा कोसांवर बदलणारी बोली त्याला कुठवर शिकवायची? त्यापेक्षा गावाकडच्यांनीच प्रमाण मराठी शिकावी.

मला हे पटत नाही.

सप्टेंबरात काकूच्या कपाशीवर लाल्या आला, म्हणजे पानं लाल पडू लागली. मी तिच्या हाती फोन दिला, बोलून विचार म्हटलं. ती म्हणाली, “पऱ्हाटी लाल पडून रायली, काय फवारू?” पऱ्हाटी म्हणजे आमच्याकडे कपाशी. पडद्यावर उमटलं ‘पराठा लाल’. तिनं तीनदा विचारलं, दर वेळी आवाज चढवून. मग फोन परत देत म्हणाली, “मलेच बोलता येत नाई वाट्टे.” उभा जन्म कपाशीत गेलेली बाई ती! तोच प्रश्न मी ‘कपाशीची पानं लाल पडली’ असा टाइप केला, तर मॅग्नेशियमच्या कमतरतेपासून साचलेल्या पाण्यापर्यंत सगळं नीट आलं. उत्तर यंत्रापाशी होतंच.

ही यंत्रं रेकॉर्ड केलेलं बोलणं आणि त्याचा लेखी मजकूर यांवरून शिकतात. आवाज नीट लागला नाही की जो शब्द जास्त वेळा भेटलेला, तोच धरतात. पराठा भेटलेला होता, पऱ्हाटी नव्हती. डवरणी, उलंगवाडी, सीतादही या आमच्या शेतीतल्या शब्दांचंही तेच होणार. यात काकूचं काय चुकलं?

पोरांना परीक्षेला, नोकरीला प्रमाण मराठी लागते, हे मान्य. आणि मी लेखात वऱ्हाडीवरच थांबलो, तेही चुकलंच. यवतमाळकडच्या कोलाम पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, घरात कोलामी बोलतात, मेळघाटात कोरकू. गोंडी बोलणारे २०११ च्या जनगणनेत २९ लाखांहून जास्त, तरी ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत नाही.

महानुभाव पंथाच्या लीळाचरित्राचं, म्हणजे मराठीतल्या जुन्या गद्यग्रंथाचं, रिद्धपूर आपल्याच अमरावती जिल्ह्यातलं. पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांनी आपले शिष्य केशिराज यांना संस्कृतात लिहू नका असं विनवलं, कारण पंथातल्या म्हाताऱ्या त्याला मुकल्या असत्या. म्हाताऱ्यांना त्यांनी संस्कृत शिकायला धाडलं नाही.

मी काकूला विचारून तिचं बोलणं रेकॉर्ड करायला घेतलंय. पहिल्या दिवशी ती पुस्तकातल्यासारखं बोलू लागली. म्हणाली, “नाई त त्याले समजन नाई.” ती तिच्यासारखी बोलायला दोन संध्याकाळी गेल्या.