संपर्क न करता जनसंपर्कावर प्रबंध कसा लिहावा

एम.एड. करताय? विषय मिळत नाही म्हणून जीव टांगणीला लावू नका. ‘जिल्हा परिषद शाळांच्या जनसंपर्काचा पटसंख्येवर होणारा परिणाम : एक चिकित्सक अभ्यास’ हा घ्या. परवा रात्री पावणेअकराला याच विषयाच्या ऑनलाइन प्रश्नावलीची लिंक माझ्यासारख्या जिल्हा परिषदेच्या मास्तरच्या मोबाइलवर येऊन आदळली, म्हणजे विषय खपतो. फक्त ‘चिकित्सक’ विसरू नका, नाहीतर मार्गदर्शक सही करायचे नाहीत.

नमुना ३८४ जणांचाच घ्या. मौखिकीत कुणी कारण विचारलंच, तर नमुना किती मोठा हवा ते सांगणारा क्रेजसी आणि मॉर्गन यांचा १९७० चा तक्ता पुढे करा. तो तक्ता यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडलेल्या नमुन्यासाठी आहे, लिंक ज्याच्या हाती लागली त्याच्यासाठी नाही, हे परीक्षकांना ठाऊक असतं. पण त्यांना पाचची गाडी गाठायची असते.

शिक्षकांना विनंत्या करत बसू नका, आमच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रप्रमुखांना गाठा. ग्रुपवर ‘सर्वांनी आजच भरावे’ पडलं की यू-डायसची शाळेची आकडेवारी आणि पोषण आहाराची माहिती बाजूला ठेवून मास्तर तुमचाच फॉर्म उघडतात. न भरणाऱ्यांची यादी सकाळी ग्रुपवर लागते. ‘सहभाग ऐच्छिक आहे’ हे मात्र वर ठळक अक्षरांत हवं.

उचलेगिरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये साम्य १० टक्क्यांच्या आत बसवायचं, तर ‘पालक’ खोडून ‘पाल्यांचे जन्मदाते’ करा.

आता प्रश्नावली. एका वाक्यात निदान दोन प्रश्न कोंबा. ‘मुख्याध्यापक पालकांशी व प्रसारमाध्यमांशी नियमित व प्रभावी संपर्क ठेवतात.’ पालक रोज दारात भेटतात आणि पत्रकार पंधरा ऑगस्टलासुद्धा फिरकत नाही. मग सहमत की असहमत? लिकर्टसाहेबांनी १९३२ साली ही सहमत-तटस्थ-असहमतची श्रेणी काढली, तिचा एवढा उपयोग होईल असं त्यांनाही वाटलं नसेल; आम्ही मुकाट ‘तटस्थ’ दाबतो. पुढचा प्रश्न : ‘शाळेच्या जनसंपर्क अधिकाऱ्याची शैक्षणिक पात्रता’. लाल चांदणी, म्हणजे अनिवार्य. अहो, द्विशिक्षकी शाळा आमची! एक मी आणि एक मुख्याध्यापक, तेही निम्मे दिवस तालुक्याला बैठकीत. अधिकारी आणू कुठून? रकाना सोडला तर फॉर्म पुढे सरकेना. पर्याय तीनच : पदवी, पदव्युत्तर, पीएच.डी. शेवटी खिचडी शिजवणाऱ्या आमच्या सातवी पास मावशींना पदव्युत्तर करून टाकलं. आणि खरं सांगू? शाळेचा जनसंपर्क त्याच करतात. कुणाचं पोर ऊसतोडीला गेलं, कुणाची आई नांदायला परत गेली, इंग्रजी शाळेची पिवळी व्हॅन या जूनमध्ये कुणाच्या दारात थांबली, सगळं त्यांना तोंडपाठ. पट का घसरला ते त्या चुलीपाशी उभ्या उभ्या सांगतील. फॉर्ममध्ये व्हॅनचा प्रश्नच नाही! शाळेच्या फेसबुक पानाला लाइक किती मिळतात, ते मात्र तीनदा विचारलंय.

निष्कर्ष आधीच लिहून ठेवा : ‘जनसंपर्क प्रभावी असल्यास पटसंख्या वाढते.’ शिफारस : ‘शिक्षकांना प्रशिक्षण द्यावे.’

अरे लिंक पाठवणाऱ्या बाबा, तुझ्या दुसऱ्या प्रकरणात जनसंपर्काचे अभ्यासक ग्रुनिग आणि हंट असणारच. १९८४ ची त्यांची जनसंपर्काची चार प्रारूपं, त्यातलं शेवटचं दुहेरी संवादाचं. दोन्ही बाजूंनी बोलायचं, ऐकायचं, ऐकून आपणही थोडं बदलायचं. हे तू उतरवून काढतोस आणि आम्हाला रात्री लिंक फेकून मोकळा होतोस? शाळेत ये की एकदा. शनिवारी सकाळची शाळा असते, एसटी फाट्यावर थांबते. पालकांना भेट, मावशींना विचार. तुझे मार्गदर्शक तरी कधी गेलेत एखाद्या वर्गात, त्यांनाही घेऊन ये. आजवर इतक्या जणांनी फॉर्म भरून घेतले, निष्कर्ष काय निघाला ते एकानेही कळवलेलं नाही. आणि माहिती गोपनीय राहणार म्हणतोस, तर नाव, मोबाइल नंबर, पगाराचा शालार्थ क्रमांक कशाला हवाय तुला? जात कशाला हवी? तो रकाना आधी काढ, मग ३८४ मोज.