‘मातीवर उजेड पाडतात आणि चुकीचा रिपोर्ट देतात’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

तुम्ही लिहिलंय की आम्ही मातीवर नुसता उजेड पाडला आणि दहा मिनिटांत रिपोर्ट हातात ठेवला. त्यात स्फुरद (फॉस्फरस) हेक्टरी २६ किलो, आणि त्याच मातीचं दुसऱ्या लॅबमध्ये १२ आलं. डाळिंबाचा बहार धरायच्या तोंडावर विश्वास कुणावर ठेवायचा, असं विचारलंत. स्फुरदापुरता त्या लॅबवर ठेवा. चूक आमची आहे.

उजेड पाडून माती तपासणाऱ्या आमच्या इन्फ्रारेड यंत्राला मातीतलं सगळं दिसत नाही. चिकणमाती २२०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास प्रकाश शोषते, चुनखडी २३४० च्या जवळ, ओलावा १४०० आणि १९०० ला. सेंद्रिय कर्बाच्याही खुणा उमटतात. पिकाला लागू होणाऱ्या स्फुरदाची मात्र अशी स्वतःची खूणच नसते. रासायनिक तपासणी झालेल्या जुन्या नमुन्यांशी ताळा घालून यंत्र तो आकडा अंदाजाने काढतं, आणि तो अंदाज सहज फसतो. आम्ही तो कर्बाच्याच रांगेत, तेवढ्याच ठळक अक्षरात छापला. शेतकरी त्यावर खताच्या गोण्या ठरवतो, हे आम्हाला कळायला हवं होतं. आता स्फुरद, पालाश, जस्त, लोह यंत्रावर देणं बंद केलंय. स्फुरद ओल्सन पद्धतीनं, सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणात काढूनच देतो. वेळ लागतो, तो लागू दे.

पण तो कागद फाडू नका. तुमची उरलेली माती बरणीत ठेवलेली होती. काल त्यातली चमचाभर बशीत घेऊन वर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले, तर ती फसफसून बशीच्या काठापर्यंत आली. चुनखडी १४ टक्के, हा रिपोर्टमधला आकडा मनावर घ्या. एवढा चुना खतातून दिलेलं स्फुरद धरून ठेवतो आणि लोहही झाडाला मिळू देत नाही. कोवळी पानं पिवळी पडून शिरा हिरव्या राहत असतील, तर मला पहिला संशय त्याचाच येईल.

त्याच बरणीतल्या मातीची ओल्सन चाचणी लावली आहे. तिचे पैसे नाहीत, आणि आधी भरलेलेही परत देतोय. एक गोष्ट आम्ही तेव्हा विचारलीच नव्हती: नमुना ड्रिपरखालचा होता की दोन झाडांच्या मधला? खतं ठिबकमधून सोडत असाल तर त्यानं बराच फरक पडतो. तेवढं, आणि बागेचा ताण कधी तोडणार, म्हणजे बंद ठेवलेलं पाणी पुन्हा कधी सुरू करणार, ते कळवा. त्याआधी निकाल तुमच्या हातात देतो.