तुम्ही फक्त पत्ता दिलात?

काल रात्री एका पांढऱ्या गोल चकतीने माझा अपमान केला आणि तो पाहायला बायकोचे काका समोर बसले होते. चकतीला मी एकवेळ माफ करीन.

झालं एवढंच. आतल्या खोलीत आडवा पडून फोनवर एक खुनाचा सिनेमा पाहत होतो. 52व्या मिनिटाला मान अवघडली. म्हटलं, उरलेला बाहेर टीव्हीवर पाहू. फोनच्या कोपऱ्यात ते चौकोनी चिन्ह असतं ना, खाली तीन कमानी असलेलं, ते दाबायचं, टीव्हीचं नाव निवडायचं, झालं. जाहिरातीतला माणूस हे सोफ्यावर टेकता टेकता करतो. जाहिरातीतल्या माणसाच्या सोफ्यावर काका बसलेले नसतात.

काका टपाल खात्यात 37 वर्षं काढून निवृत्त झाले. कुठलीही वस्तू इकडून तिकडे जाणार म्हटलं की ते पाठ ताठ करून बसतात.

"निघालं का?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"चित्र. तुमच्या फोनमधून."

"काका, चित्र फोनमधून निघत नाही. फोन टीव्हीला फक्त पत्ता देतो. मग टीव्ही आपला आपण इंटरनेटवरून सिनेमा आणतो."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "म्हणजे तुम्ही फक्त पत्ता दिलात?"

"हो."

"आणि आणायला टीव्ही जाणार."

"हो."

"मग जावईबापू, तुम्हाला घाम कशाचा आलाय?"

घाम आला होता, कारण फोनवर 'उपकरण शोधत आहे' असं लिहून ती चकती फिरत होती. टीव्ही आठ फुटांवर होता. मला दिसत होता. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या काकांना दिसत होता. फोनला तेवढा दिसत नव्हता.

शांतता असह्य झाली की मी माहिती देतो, ही माझी जुनी खोड. काकांना म्हटलं, सिनेमा एकसंध येत नाही, त्याचे तुकडे करून ठेवलेले असतात. ॲपलने 2009 साली एचएलएस नावाची पद्धत आणली, तिच्यात हल्ली साधारण 6 सेकंदांचा एक तुकडा धरतात. (हे मला ठाऊक आहे, कारण मागच्या अशाच एका अपमानानंतर मी रात्री दोनपर्यंत वाचत बसलो होतो. ज्ञान झालं, सिनेमा राहिला तो राहिलाच.)

काकांनी तोंडी हिशेब केला. "दोन तासांच्या सिनेमाची 1,200 पाकिटं झाली. सगळी एकाच पत्त्यावर?"

"हो. शिवाय प्रत्येक पाकीट चार-पाच आकारांत तयार असतं. रस्ता मोकळा असेल तर जाड पाकीट, म्हणजे चित्र स्वच्छ. रस्ता तुंबला की बारीक पाकीट, चित्र धुरकट, पण थांबत नाही."

"कोणतं द्यायचं ते पोस्टमास्तर ठरवतो?"

"नाही, टीव्हीच ठरवतो. मागचं पाकीट यायला किती वेळ लागला आणि हाताशी साठा किती उरलाय, ते बघून पुढचं मागवतो."

"म्हणजे घरमालकच दर 6 सेकंदांनी पोस्टात जाऊन आपलं टपाल घेऊन येतो?"

"साधारण तसंच."

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "मग खातं काय करतं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. चकती फिरत होती.

मी दुसरा मार्ग धरला. फोनचा अख्खा पडदाच टीव्हीवर उमटवायचा, स्क्रीन मिररिंग. हा मुळात गरिबीचा मार्ग. यात टीव्ही काही आणत नाही, फोननेच सिनेमा आणायचा, पडद्यावर दाखवायचा आणि त्या पडद्याचं पुन्हा चित्र करून जागच्या जागी टीव्हीकडे फेकत राहायचं. फोन तापतो, बॅटरी डोळ्यांदेखत उतरते. पण जोडणी झाली! दोन यंत्रं थेट एकमेकांशी बोलली, मधे घरचं वायफाय लागलंच नाही. (इथेच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. नाही पडला.) टीव्हीवर पावलांचा आवाज आला. दार करकरलं. बाई किंचाळली. पडदा मात्र काळा कुळकुळीत.

"अंधारात खून आहे का?" काकांनी विचारलं.

"नाही. हे कॉपी होऊ नये म्हणून चित्र झाकतात."

"कॉपी कोण करतंय?"

"कोणीच नाही."

"मग छान आहे की. रेडिओ लागला."

मला खरोखर राग आहे तो याचा. वर्गणी भरतो मी. वेळेवर भरतो. आणि माझ्याच घरात, माझ्याच फोनवरून माझ्याच टीव्हीवर न्यायला गेलो की ॲप माझ्याकडे खिसेकापूकडे बघावं तसं बघतं. ज्यांना चोरायचंय ते काय फोन टीव्हीला लावून काकांसमोर बसतात?

मग मी सर्व काही बंद करून पुन्हा चालू केलं. टीव्ही रिमोटने बंद केला तर तो नुसता डोळे मिटतो, आतलं गाठोडं तसंच राहतं, म्हणून प्लगच काढला. राउटरही काढला. आतून बायकोचा आवाज आला, "वायफाय कोणी घालवलं?" ती बहिणीशी व्हिडिओवर बोलत होती. "काकांना सिनेमा बघायचाय," असं मी ओरडलो, जे धडधडीत खोटं होतं.

आमचा राउटर कपाटात असतो, कारण तो दिसायला बरा नाही. वायफायच्या दोन लहरी घरात नांदतात. 5 गिगाहर्ट्झची वेगवान, पण भिंत आली की तिला दम लागतो. 2.4 गिगाहर्ट्झची लांब पोचते, पण तिथे गर्दी, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही नेमका त्याच्याच आसपास चालतो. टीव्हीला सरळ केबल लावली की यातलं निम्मं दुखणं जातं. ती केबल मी दोन वर्षांपूर्वी आणली आहे. कुठे आहे ते विचारू नका.

दरम्यान काकांनी माझा फोन उचलून आपल्या फोनशेजारी धरला होता, दोन सह्या ताडून पाहाव्यात तसा.

"जावईबापू, माझ्या फोनवर हे वर पंख्यासारखं काय आहे?"

"वायफाय, काका."

"तुमच्यावर नाही ते. वीज तर केव्हाच आली."

मी पाहिलं. नव्हतं. आतल्या खोलीत वायफाय अशक्त झालं म्हणून फोन मला न विचारता मोबाईल डेटावर गेला होता आणि तिथेच रमला होता. टीव्ही शोधताना फोन घरच्या जाळ्यात हाळी देतो, "कोण कोण आहे रे?" ती हाळी घराबाहेर जात नाही आणि बाहेरची आत येत नाही.

"म्हणजे तुमचा फोन भलत्याच पोस्टात रांगेत उभा होता," काका म्हणाले.

बरोबर होतं. इतकं बरोबर, की राग आला. आणि हे फोनला माहीत होतं की! आपण वायफायवर नाही हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? एक ओळ लिहायची, 'अहो, आधी वायफाय जोडा.' ते नाही. गोल फिरवत ठेवायचं, आणि दमला की 'काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा'. काहीतरी म्हणजे काय? डॉक्टरने चिठ्ठीवर 'कुठेतरी दुखतंय' एवढंच लिहून दिलं तर? एका ॲपमध्ये ते चौकोनी चिन्ह वर, दुसऱ्यात खाली, तिसऱ्यात चित्राला बोट लावेपर्यंत गायब. यंत्र बदललं की सबटायटल्स विसरायची. जुना टीव्ही ठणठणीत असला तरी एके दिवशी 'या उपकरणावर ॲप चालणार नाही' म्हणून त्याला घरी बसवायचं. "पेन्शन?" असं काकांनी मधेच विचारलं. मी मोठ्याने बोलत होतो, हे मला तेव्हा कळलं.

वायफाय जोडलं. दोन सेकंदांत टीव्हीचं नाव आलं. दाबलं. सिनेमा सुरू झाला, 31व्या मिनिटाला.

कुठवर पाहिलं हे ॲप अधूनमधून सर्व्हरला कळवत असतं, त्यावर दुसरं यंत्र पुढे चालू करतं. मधल्या 21 मिनिटांची नोंद कुठेतरी राहिली असणार.

"बटवडा झाला, शिक्का मागचा पडला," काका म्हणाले. मी रिमोटने पुढे सरकवायला लागलो, एका टिचकीला दहा सेकंद. "राहू द्या हो," काका म्हणाले, "मी कुठे पाहिलंय?"

तेव्हा पाहिलेलीच 21 मिनिटं मी पुन्हा पाहिली. बाई पुन्हा किंचाळली, या वेळी चित्रासकट. बरोबर 52व्या मिनिटाला काका गुडघ्यांवर हात टेकून उठले. "झोप आली. उद्या इथूनच पुढे लावा हं."

मी टेबलावरचं एक जुनं पाकीट घेतलं, मागच्या बाजूला पेनने '52 मिनिटं' लिहिलं आणि टीव्हीच्या कडेला चिकटवलं. काकांनी आत जाता जाता थांबून ते वाचलं.

"तारीख घाला," म्हणाले.