घरात गोळ्या भरून पिस्तूल शूटिंगचं मेडल येत नाही

गेला महिनाभर एक मेसेज बेळगाव, खानापूर, निपाणी सगळीकडं फिरायलाय. मला एकट्याला चार जणांनी पाठवला आणि दोघं तर वर्कशॉपमध्ये येऊन विचारून गेले. त्याचं सार असं की पिस्तूल शूटिंगमध्ये मेडल पाहिजे तर अडीच-तीन लाखांचं इम्पोर्टेड पिस्तूल पाहिजेच, बाहेरचे खेळाडू जिंकतात कारण ते आपल्या गोळ्या घरी स्वतः भरतात, त्याचं मशीन आणि डाय (साचे) आपल्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर सहज निघतील, आणि हे जमत नसेल तर सीमाभागातल्या पोरांनी हा नाद सोडावा. मी उद्यमबागेत लेथ आणि मिलिंगवर बावीस वर्षं काढलीत आणि नऊ वर्षं झाली एअर पिस्तूल मारतोय, त्यामुळं दोन्हीकडचं थोडंफार कळतं, म्हणून हे लिहायला बसलो.

आधी गोळ्या भरायचं घेतो, कारण त्यात जीव जाऊ शकतो.

ऑलिम्पिकमध्ये पिस्तुलाचे प्रकार कुठले ते बघा. १० मीटर एअर पिस्तूल, महिलांचं २५ मीटर पिस्तूल आणि पुरुषांचं २५ मीटर रॅपिड फायर. एअर पिस्तुलात बंदुकीची दारूच नसते ओ, दाबलेली हवा आणि अर्ध्या ग्रॅमचा शिशाचा छर्रा, तिथं भरणार काय? राहिली २५ मीटरची दोन्ही, ती पॉइंट टू टू (.२२) मापाच्या काडतुसावर चालतात आणि ते काडतूस रिमफायर असतं, म्हणजे पेट घेणारा मसाला केसच्या, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या नळकांड्याच्या, बुडाच्या कडेतच आत पसरलेला असतो आणि फायरिंग पिन ती कडच चेपते. एकदा उडालं की कड चेपली, मसाला संपला, ती केस परत भरायच्या कामाची राहत नाही. म्हणजे ज्या मेडलसाठी आपली पोरं घाम गाळायलीत त्या मेडलच्या वाटेत घरी गोळ्या भरणं कुठं येतच नाही.

मग घरी गोळ्या भरायचे जे व्हिडिओ लोक दाखवतात ते कुठले? ते बहुतेक आयपीएससी सारख्या पळत-पळत मारायच्या मॅचचे. तिथं सेंटरफायर काडतूस असतं, बुडाच्या मधोमध प्रायमर (पेट घेणारी छोटी टोपी) बसवलेला, तो काढून नवा घालता येतो, केस परत मापात दाबायची, दारू मोजून घालायची, वर बुलेट बसवायची. ते लोक भरतात कारण वर्षाला हजारो राउंड मारायचे असतात, आणि तिथं पॉवर फॅक्टर म्हणून हिशेब असतो, बुलेटचं वजन ग्रेनमध्ये गुणिले सेकंदाला फुटातला वेग भागिले हजार, मायनरला, म्हणजे कमी जोराच्या गटाला, हा आकडा किमान १२५ पाहिजे. १४७ ग्रेनची बुलेट सेकंदाला ९०० फुटांनी गेली तर १३२ येतो, म्हणजे पास. झटका कमी बसावा पण आकडा खाली जाऊ नये म्हणून ते आपापलं माप बसवतात. तो खेळच वेगळा, तिथला कायदा वेगळा, आणि तो ऑलिम्पिकमध्ये नाही.

आता उद्यमबागेत डाय निघेल का? निघेल की, मी स्वतः काढू शकतो, तेवढी अक्युरसी आपल्याकडं रोजची आहे. प्रश्न डायचा नाहीच. एक ग्रेन म्हणजे ०.०६५ ग्रॅम, आणि नऊ एमएमच्या काडतुसात दारू असते चार-पाच ग्रेनच्या आसपास, म्हणजे पाव ग्रॅमच्या पलीकडं थोडीशी, एवढीच. केसमध्ये जागा एवढी असते की चुकून दोनदा पडली तरी कित्येकदा वरून कळत नाही, आणि तसं काडतूस उडालं की पिस्तूल हातात फुटू शकतं. उलट दारू पडलीच नाही तर नुसत्या प्रायमरच्या जोरावर बुलेट नळीत अडकून बसते, आवाज बारीक येतो, मारणाऱ्याला वाटतं मिसफायर झाला, तो दुसरा राउंड मारतो आणि तो अडकलेल्या बुलेटवर जाऊन आदळतो. हे टाळायला तिकडं लोक वर्षानुवर्षं शिकतात, वजनकाटे तपासतात, छापील टेबलं बघून भरतात. एक व्हिडिओ बघून करायचं काम नव्हे ते.

आणि कायदा. आर्म्स ॲक्ट १९५९ च्या कलम ५ प्रमाणं लायसन्सशिवाय दारूगोळा बनवता येत नाही, आणि त्याच कायद्याच्या व्याख्येत दारूगोळा बनवायची मशिनरी हीसुद्धा दारूगोळ्यातच धरलीय. म्हणजे नुसतं मशीन करून देणारा लेथवालासुद्धा त्यात येतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर याला कमीत कमी ७ वर्षांची शिक्षा आहे. माझ्या वर्कशॉपवाल्या भावांनो, कोण ड्रॉइंग घेऊन आला तर हात जोडून परत पाठवा.

आता तीन लाखांच्या पिस्तुलाचं. मॅच पिस्तूल, म्हणजे स्पर्धेसाठीच बनवलेलं, चांगलं असतंच, मी नाही म्हणत नाही, पण ते मेडलच्या वाटेवर कुठवर नेतं ते मापात बघू. एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाचं वर्तूळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं. नेम धरायच्या मागच्या साइटपासून (खाचेपासून) नळीच्या टोकाकडच्या फ्रंट साइटपर्यंत अंतर धरा साधारण ३५ सेंटिमीटर. फ्रंट साइट खाचेत फक्त १ मिलिमीटर बाजूला राहिली तर १० मीटरवर छर्रा २८ मिलिमीटरच्या वर सरकतो, म्हणजे दहाच्या जागी सात! दहा पाहिजे तर चूक पाव मिलिमीटरच्या आसपास ठेवायला लागते, तीही लांब केलेल्या एका हातावर, ट्रिगर दाबताना, ७५ मिनिटांत ६० वेळा. ही चूक मनगटात आणि बोटात होते. ठीकठाक मॅच पिस्तूल शिकंज्यात धरून मारलं तर सगळे छर्रे दहाच्या आतच जातात, मग अजून लाखभर घालून सुधारणार काय? शिवाय नियम सगळ्यांना एकच आहेत, ट्रिगर किमान ५०० ग्रॅम, वजन १५०० ग्रॅमच्या आत, आणि पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे.

पैसा घालायचाच तर ग्रिपवर (पिस्तुलाच्या मुठीवर) घाला. माझं स्वतःचं सांगतो, मी पहिलं पिस्तूल सेकंडहँड घेतलं, बॉडी झकास होती, पण ग्रिप लार्ज आणि माझा हात मिडीयम. अख्खं वर्ष माझे शॉट उजवीकडं खाली जायचे आणि मी ट्रिगरलाच दोष देत बसलो. शेवटी वुड फिलर आणि सँडपेपर घेऊन रोज रात्री थोडं लाव, वाळू दे, घास, परत धरून बघ, असं पंधरा दिवस केलं, तेव्हा कुठं डोळे मिटून पिस्तूल उचललं की साइट आपोआप सरळ यायला लागली. शॉट त्या आठवड्यातच मधे आले. त्या व्यवहारात अजून एक फसलो, हवेच्या सिलिंडरची तारीख बघितली नव्हती. सिलिंडरला साधारण १० वर्षांची मुदत असते, ती मुदतीत आहे का हे बघायची जबाबदारी खेळाडूचीच. विकणाऱ्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, नवं सिलिंडर घ्यायला लागलं. जुनं घेताना तारीख आधी वाचा.

महागडं पिस्तूल ऐनवेळी दगा देत नाही असंही त्या मेसेजमध्ये लिहिलंय. २०२१ ला टोकियोत मनू भाकरचं पिस्तूल क्वालिफिकेशन चालू असतानाच बिघडलं, दुरुस्तीत वेळ गेला, ५७५ मारूनही १२ वी आली. बिघाड कुणाच्याही पिस्तुलात होतो. तीच पोरगी २०२४ ला पॅरिसमधून दोन ब्राँझ घेऊन आली.

काही जण ह्याच्या बरोबर उलटं टोक धरायलेत, तेही चूक. म्हणतात तुर्कस्तानचा युसुफ डिकेच साधा चष्मा लावून, एक हात खिशात घालून सिल्व्हर घेऊन गेला, म्हणजे सामान कशालाच नको. अण्णा, तो माणूस २००८ पासून ऑलिम्पिक खेळतोय, हातात मॅच पिस्तूलच होतं, कानात बोळे होते. आणि हात खिशात घालणं म्हणजे स्टाईल नव्हे, मोकळा हात हलू नये म्हणून सगळेच शूटर तो खिशात नाहीतर पट्ट्यात अडकवतात. ब्लाइंडर (नेम न धरणाऱ्या डोळ्यापुढची झापड) लावायचा की नाही ही ज्याच्या त्याच्या डोळ्याची गोष्ट.

छर्ऱ्यांबद्दल थोडक्यात. चपट्या तोंडाचेच घ्यायचे, कागदाला स्वच्छ गोल भोक पडतं. ४.४९, ४.५०, ४.५१ अशी हेड साइज येते, दोन-तीन डबे आणून आपल्या नळीला कुठला मानवतो ते टेकवून मारून बघा आणि मग तोच घ्या. महाग तोच चांगला असं नसतं. शिसं आहे, पोरांना हात धुतल्याशिवाय चहा-बिस्किट देऊ नका, आमच्या रेंजवर हे रोज ओरडून सांगायला लागतं.

आणि शेवटचं, आपल्या पोरांनी नाद सोडावा म्हणे. कोल्हापूर इथनं दोन-अडीच तासांवर. तिथल्या राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडला २५ मीटर पिस्तुलात गोल्ड घेतलं. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला रायफलमध्ये ब्राँझ आणलं, रेल्वेत तिकीट तपासायची नोकरी करत. ह्यांच्या गावात आणि आपल्या गावात ऊस तोच, पाऊस तोच.

परवा खानापूरकडचे एक काका मुलीला घेऊन आले होते, हाच मेसेज वाचून बायकोचे दागिने गहाण टाकायच्या बेतात होते. मुलगी तेरा वर्षांची, अजून क्लबच्या पिस्तुलावर चार महिनेसुद्धा झाले नाहीत. काका, तुम्ही वाचत असाल तर सांगतो, दागिने घरात राहू द्या. वर्षभर तिला क्लबचंच पिस्तूल मारू दे, घरी रोज वीस मिनिटं पांढऱ्या भिंतीसमोर ड्राय फायर (छर्रा न भरता ट्रिगर दाबायचा सराव) करू दे, आणि येत्या रविवारी तिला घेऊन या, हाताचं माप घेतो, ग्रिप मी घासून देतो.